परवडणारं आणि दर्जेदार रीळ कसं निवडावं

ज्याला वस्तू घ्यायची घाई असते त्याला संसार कळलेला नसतो. आमच्या गुडीहत्नूरात हे सर्वमान्य आहे. इथे मुलीचं स्थळ एका कप चहात पसंत होतं, मत कुणाला द्यायचं ते रांगेत उभं राहिल्यावर ठरतं, आणि मुलाला इंजिनिअर करायचं की नाही हे शेजाऱ्याचा मुलगा काय झाला यावरून एका वाक्यात निकालात निघतं. पण कूलर घ्यायचा असेल तर माणसाने चार ठिकाणी विचारलं पाहिजे. चारही ठिकाणी वेगळं उत्तर मिळालं तर पाचव्या ठिकाणी विचारलं पाहिजे. याला आम्ही चौकशी म्हणतो. ज्या गावात ती होत नाही त्या गावाला आम्ही मागास समजतो.

चौकशीचं हे काम विस्कळीतपणे होऊ नये म्हणून आमच्याकडे खरेदी सल्लागार समिती आहे. ती कुणी नेमलेली नाही, त्यामुळे बरखास्तही होऊ शकत नाही. हायवेवरच्या बसथांब्यासमोर खुशालचं चहाचं हॉटेल आहे, तिथे ती भरते. अध्यक्ष यशवंतराव. कापूस आणि ज्वारी करतात आणि पंचक्रोशीतला कुठलाही बैल दात न बघता पारखतात (दात नंतर बघतात, इतरांच्या समाधानासाठी). तांत्रिक बाजू नागसेन सांभाळतो. तो मंडल कार्यालयात कारकून आहे आणि फोनवर वस्तूंचे व्हिडिओ बघतो. तिसरा मी, चिटणीस. मी ऐकतो आणि मान डोलावतो, आणि हे काम वाटतं तितकं सोपं नाही.

समितीची कामगिरी बोलकी आहे. नागसेनच्या स्वतःच्या कूलरची निवड तीन उन्हाळे चालली आणि तिसऱ्या वर्षी मृग लागल्यावर कूलर घरात आला, कारण त्याच आठवड्यात भाव उतरले. शकुबाईंना मुलीच्या लग्नाचे कपडे घरी शिवायचे होते म्हणून शिलाई मशीन हवी होती. आम्ही ती इतकी काळजीपूर्वक निवडली की मशीन आली तेव्हा मुलीला मुलगा झाला होता. (मशीन उत्तम आहे. झबली सुरेख शिवते.) समितीने आजवर सुचवलेल्या वस्तूंपैकी शंभर टक्के वस्तू दर्जेदार निघाल्या आहेत. त्या वेळेवर आल्या का, हा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नाही.

असा लौकिक असल्यामुळेच भिवाजी गुरुजींचं प्रकरण आमच्याकडे आलं.

गुरुजी मराठी शाळेतून निवृत्त झालेले. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी दिली आणि उरलेल्यांना छड्या. निवृत्तीनंतर त्यांचा एकच नाद होता, गावाखालच्या तळ्यावर गळ टाकून बसायचं. यंदा पोळा होऊन आठवडा झाला आणि त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला. जीव वाचला, बोलणंही पंधरवड्यात बरंचसं परत आलं, पण हात मांडीवर ठेवला की ठेवलेलाच राही.

आदिलाबादच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मैत्रीला नीट समजावून सांगितलं. मैत्री ही गुरुजींची मुलगी, तीही शाळेत शिकवते. बाई म्हणाल्या, बोटांना काम द्या. लहानशी मूठ चिमटीत धरून गोल गोल फिरवायची, दिवसातून जितकी जास्त तितकं चांगलं. होळीपर्यंत जे परत येईल ते येईल. त्यानंतर बोटं आखडतात, आणि एकदा आखडली की ती कुणाचं ऐकत नाहीत.

दवाखान्याने यासाठी एक प्लास्टिकचं चाकही दिलं होतं. गुरुजींनी ते दोनदा फिरवून बघितलं आणि उशीखाली ढकललं.

"याच्यातून काई निघत नाई," ते म्हणाले.

मग एके दिवशी नागसेन भेटायला गेला आणि गप्पांना विषय नाही म्हणून त्याने फोनवर एक व्हिडिओ लावला. कुठल्याशा थंड देशात एक म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्या दोरीच्या टोकाला गांडूळ नव्हतं, पिसांची बांधलेली खोटी माशी होती. काठी डोक्यावरून झुलवून त्याने ती माशी पाण्यावर अशी टेकवली की मासा फसला. मग काठीच्या बुडाशी लावलेल्या चकतीची मूठ धरून तो सावकाश दोरी गुंडाळत बसला. गुरुजींनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. झटक्यानंतर ते पहिल्यांदा हसले.

"असं रीळ असन त मी फिरवतो," ते म्हणाले.

काठी त्यांच्याकडे होतीच, बांबूची, स्वतः तासलेली. पिसांना गावात तोटा नाही. चांगल्या हातात काठी धरायची आणि गेलेल्या हाताने रीळ फिरवायचं, एवढाच बेत होता. डॉक्टरीणबाईंनाही तो पसंत पडला. कोणतं रीळ घ्यावं असं मैत्रीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, कोणतंही, फिरलं पाहिजे. (इतक्या शिकलेल्या बाईने इतकं अशास्त्रीय बोलावं याचं समितीला नंतर फार वाईट वाटलं.)

इथे मैत्रीने एक चूक केली. शाळेतून येताना हॉटेलपाशी थांबून तिने विचारलं, "नागसेनदादा, ऑनलाइन कोनतं बी एक रीळ मागवून देता का?"

आमच्याकडे न विचारता घेणं हा अविचार समजतात आणि तो पोटात घालता येतो. पण एकदा विचारल्यावर उत्तर यायच्या आत घेणं हा अपमान असतो, आणि तो सात पिढ्या लक्षात ठेवतात. मैत्रीला हे माहीत होतं. ती इथलीच आहे. "कोनतं बी" हे शब्द ऐकून यशवंतरावांनी कप खाली ठेवला.

"कोनतं बी काऊन?" ते म्हणाले. "गुरुजीसाठी घेऊन राह्यलो आपन. चांगलं पाहून घेऊ."

काम सुरू झालं. समितीतल्या कुणीही असं रीळ जन्मात पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाच्याही मनात पूर्वग्रह नव्हता. ही मोठीच जमेची बाजू. प्रथम शब्दांचे अर्थ ठरवण्यात आले. 'परवडणारं' म्हणजे स्वस्त नव्हे, कारण स्वस्त वस्तू घेतली की लोक कीव करतात. महागही नव्हे, कारण मग लोक चौकशी करतात. परवडणारी वस्तू म्हणजे जिची किंमत ऐकून शेजारी "एवढी?" म्हणतो आणि मेहुणा "एवढीच?" म्हणतो. 'दर्जेदार' या शब्दावर मात्र मतभेद झाले. यशवंतरावांच्या मते दर्जा वजनात असतो. लोटा असो, नांगराचा फाळ असो की प्रेशर कुकर, हातात घेतल्यावर हात खाली गेला पाहिजे. नागसेनच्या मते दर्जा चांदण्यांत असतो, म्हणजे ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकं ज्या चांदण्या देतात त्यांत. ब्रेक कसा, चकती केवढी, दोरी किती मावते, याचे नागसेनने इतके व्हिडिओ पाहिले की त्याला स्वप्नात इंग्रज दिसू लागले. एका व्हिडिओत एक जाणकार सांगत होता की या मासेमारीत रिळाला काही महत्त्व नाही, ती दोरी ठेवायची डबी आहे, पहिलं रीळ साधंच घ्या आणि पाण्यावर जा. तो व्हिडिओ आम्ही अर्ध्यात बंद केला. माणसाचा अभ्यास कमी दिसत होता.

पुढचा टप्पा प्रत्यक्ष पाहणीचा. चांगली वस्तू पैनगंगेपलीकडे, महाराष्ट्रात मिळते असा आमच्याकडे पिढीजात समज आहे, म्हणून यशवंतराव आणि मी पांढरकवड्याला गेलो. तिथल्या दुकानदाराने आम्हाला शिलाईच्या दोऱ्याचं रीळ दाखवलं, मग पतंगाची चक्री दाखवली. यशवंतरावांनी चक्री हातात तोलून बघितली, कानाशी वाजवली आणि नापसंत केली. दुकानदाराने आम्ही कुठून आलो ते विचारलं.

"तुमी त हैदराबादच्या रस्त्यावरचे," तो म्हणाला. "चांगला माल तिकडंच भेटते. आमी तिकडूनच आनून राह्यलो. तुमी इकडं कायले आले?"

हैदराबादेत यशवंतरावांचा जावई जीवन आहे. त्याला फोन केला. त्याने आठवडाभर चौकशी करून कळवलं की अशा वस्तूंसाठी नागपूर बरं. म्हणजे निष्कर्ष एकच निघाला, की चांगली वस्तू जिथे आपण नाही तिथे मिळते. पाहणी यशस्वी झाली.

यात दसरा आला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही गुरुजींकडे गेलो तेव्हा त्यांनी त्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट उचलून दाखवलं. थरथरत का होईना, उचललं. मैत्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. समितीने या घटनेची गंभीर दखल घेतली. हात सुधारतो आहे, त्याअर्थी घाई करण्याचं कारण नाही, असं सर्वानुमते ठरलं. शिवाय दसऱ्याच्या सेलमध्ये घेतो तो भोळा, दिवाळीच्या सेलपर्यंत थांबतो तो शहाणा, आणि दिवाळीत थांबून जानेवारीच्या सेलची वाट बघतो तो सभासद.

दिवाळीनंतर मैत्रीने गुपचूप एक रीळ मागवलं. साधं, हलकं, कुठल्याही नावाचं नसलेलं. पण गावाची सगळी पार्सलं खुशालच्या हॉटेलात उतरतात, पार्सलवाल्या मुलाला घरं माहीत नाहीत. आणि हॉटेलात कोण बसतं ते वर आलंच आहे.

संध्याकाळी मैत्री आली.

"काका, माह्या नावाचं पार्सल आलं होतं मने."

"आलं होतं," यशवंतराव म्हणाले. "वापस पाठवलं."

"काऊन?"

"लय हलकं होतं बाई. हातात घेतलं त घेतल्यासारखंच वाटेना. गुरुजीले असं देनं शोभते का?"

नागसेनने तांत्रिक बाजू मांडली. "अन भोपाळच्या एकानं त्याले एकच स्टार देला हाये."

"कायचा?"

"पार्सलवाला उद्धट होता मने तिकडचा."

मैत्री म्हणाली, "दादा, बाबाचं बोट उठलं होतं. तुमच्या डोयासमोर उठलं. त्याले धराले काईतरी पायजे. स्टार धरून बसन का ते?"

मला त्या पोरीचा राग आला नाही, हे मुद्दाम नमूद करतो. भावनेच्या भरात माणसं विसंगत बोलतात. समितीने मोठ्या मनाने तिचे पैसे परत येतील अशी व्यवस्था केली आणि अभ्यास पुढे चालू ठेवला.

संक्रांतीच्या सुमारास गुरुजींचं ते बोट उचलेनासं झालं. मैत्री रोज तेल लावून चोळत होती, मोजून सगळी बोटं सरळ करत होती, आणि ती सोडली की पुन्हा आत वळत होती. समितीने याचीही दखल घेतली. हात सुधारत नाही, त्याअर्थी घाई करून उपयोग नाही, असं ठरलं. सारख्याच थंड डोक्याने दोन्ही बाजूंनी विचार करता येणं, यालाच मी समतोल म्हणतो.

जानेवारीच्या सेलमध्ये अखेर निवड झाली. असं रीळ मी यापूर्वी पाहिलं नव्हतं, आणि तुम्हीही पाहिलं नसेल. अख्खं धातूचं, काळंभोर, कडेला सोनेरी रेघ. ब्रेक असा की रेडा बांधला तरी ओढून नेऊ शकणार नाही. (आमच्या तळ्यातली सर्वांत मोठी मरळ कोंबडीएवढी असते, पण क्षमता असलेली बरी.) वजन यशवंतरावांच्या मनासारखं. चांदण्या नागसेनच्या मनासारख्या. किंमत शेजारी आणि मेहुणा या दोघांच्या बरोबर मध्ये. मागवताना दुकानाने मूठ कोणत्या बाजूला हवी असं विचारलं होतं. नागसेनने ज्या बाजूला जास्त मागणी होती ती दाबली, कारण इतकी माणसं उगाच एकाच बाजूला जात नाहीत.

रीळ शिमग्याच्या अलीकडे आलं. ते असं हातात कोंबून देणं बरं दिसलं नसतं, म्हणून समारंभाची तारीख धरण्यात आली. यशवंतरावांच्या जावयाला सुट्टी नव्हती, एकदा मीच गावात नव्हतो, आणि शिमग्यात कुणी समारंभ ठेवत नाही. होळी पेटून विझली, आणि पुढच्या रविवारी गुरुजींच्या अंगणात कार्यक्रम झाला. गुरुजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून शाल घातली. रिळाला गुलाबी फीत बांधली होती. यशवंतरावांनी भाषण केलं, त्यात रिळाचं वजन तीन वेळा आलं. फोटो काढले. मग रीळ काठीला बसवलं आणि काठी गुरुजींच्या हातात दिली. काठी वजनाने वाकली.

गुरुजींनी रीळ खालून बघितलं, वरून बघितलं.

"मूठ इकडं आली हे," ते म्हणाले. "या हातात त काठी हाये. त्या हाताकडं पायजे होती."

नागसेनने फोन काढला आणि चेहरा उजळून सांगितलं की काळजीचं कारण नाही, बाजू बदलता येते. एक स्क्रू काढायचा, चकती उलटी बसवायची, संपलं. खुशालने स्क्रू ड्रायव्हरही आणला. तेवढ्यात मी खोक्यातला कागद वाचून दाखवला. चिटणीसाचं ते कामच आहे. कागदावर स्पष्ट होतं की वस्तू उघडल्यास वॉरंटी लागू राहणार नाही. वॉरंटी दोन वर्षांची होती.

यशवंतरावांनी खुशालच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला.

"वॉरंटीतली चीज खोलाची नसते," ते समजुतीने म्हणाले. "दोन साल थांबा गुरुजी. वॉरंटी सरली का मी सोता खोलून देतो."

"मी थांबतो," गुरुजी म्हणाले. "हाताले सांगा थांबाले."

हा विनोद आहे असं समजून आम्ही हसलो.

रीळ सुरक्षित राहावं म्हणून यशवंतरावांच्या घरातल्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवण्यात आलं, मुलीच्या लग्नात आलेला आणि अजून न उघडलेला डिनर सेट आणि नातवाची धावण्यातली ढाल यांच्या मधोमध. त्याला तिथे फार शोभा आली. येणारा जाणारा थांबून कंपनी विचारी. गुडीहत्नूरसारख्या ठिकाणी इतकी पारख असलेले लोक आहेत याचं पाहुण्यांना कौतुक वाटे. इंद्रवेल्लीहून एक जण फक्त ते बघायला आला होता.

उगादीचा पाडवा झाल्यावर मैत्री दवाखान्यात जाऊन आली. काय झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही. थेट यशवंतरावांच्या घरी आली, शोकेसची काच सरकवली, रीळ काढलं आणि ओट्यावरची भाजी चिरायची सुरी उचलून तिच्या टोकाने तो स्क्रू काढला. चकती उलटी बसवायला तिला तेवढाच वेळ लागला जेवढा मला हे वाक्य लिहायला लागला. (वॉरंटी त्याच क्षणी संपली. मी साक्षीदार आहे.) ती घराकडे निघाली आणि आम्ही तिघेही मागोमाग गेलो, कारण वस्तू अखेर समितीचीच होती.

मैत्रीने गुरुजींच्या चांगल्या हातात काठी दिली. दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून उघडली, मुठीवर ठेवली आणि हळूच हात काढून घेतला. बोटं मिटली. रिळाच्या मुठीवर नाही, आपल्याच तळहातात. तिने पुन्हा उघडली. पुन्हा मिटली. तिसऱ्या वेळी गुरुजींनीच मान हलवली.

"राहू दे मैत्री," ते म्हणाले. मग आमच्याकडे बघून, आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "रीळ चांगलं हाये."

यशवंतरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मी मनलो नोतो का," ते म्हणाले.

मला तिथे उभं राहवलं नाही. मी बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात मूठ चुकीच्या बाजूला का आली याची चौकशी ठेवली होती. नागसेन म्हणाला दुकानाने नीट विचारलं नाही. यशवंतराव म्हणाले वजनाच्या बाबतीत कुणी बोट दाखवू शकत नाही. इतक्यात मैत्री आली. समारंभातली शाल घडी करून तिने टेबलावर ठेवली.

"एकच विचारतो काका," ती म्हणाली. "वजन पाह्यलं, स्टार पाह्यले, वॉरंटी पाह्यली. बाबाचा हात कोनता गेला ते कोनी पाह्यलं होतं का? कोनता गेला, सांगा."

यशवंतरावांनी एक सांगितला, नागसेनने दुसरा. मी चिटणीस या नात्याने तटस्थ राहिलो. मैत्रीने वाद घातला नाही. ती शाळेच्या वेळेला शाळेत गेली.

आमची ही फजिती वाचून तुम्ही हसत असाल. हसा. सहा महिने माणसाच्या घरी चहा पितात आणि कोणता हात गेला ते सांगता येत नाही, असल्या माणसांना हसायलाच पाहिजे. फक्त हसण्याआधी तुम्ही सांगा, गुरुजींचा कोणता हात गेला? वर बघू नका. मी एकदाच, पण स्वच्छ शब्दांत, जिथल्या तिथे लिहिलेलं आहे. रिळाची कंपनी मात्र मी कुठेच लिहिलेली नाही, आणि ते तुमच्या केव्हाच लक्षात आलेलं आहे.